ळ, ऱ आणि मधला अडत्या

दिवाळी अंकात समीक्षा म्हटली की एखादा कवितासंग्रह, एखादी कादंबरी, फार तर एखादे नाटक, असा आपला रिवाज आहे. यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी म्हणालो, "परीक्षण लिहितो, पण पुस्तकाचे नाही, सॉफ्टवेअरचे लिहितो." संपादक हसले. वाचकही हसतील. परंतु सॉफ्टवेअर हेही शेवटी कोणीतरी लिहिलेलेच असते. त्याला लेखक असतो, त्या लेखकाचे पूर्वग्रह असतात आणि त्याच्या डोळ्यांसमोर एक वाचकही असतो. मग त्याचे परीक्षण का करू नये? कादंबरी फसली तर आपण ती मिटून कपाटात ठेवतो. सॉफ्टवेअर फसले तर आपले आडनाव बदलते. हा फरक लक्षात घेतला तर सॉफ्टवेअरला समीक्षकाची गरज जास्तच आहे.

मी खानापूरचा. १९९४ साली मी गावात डी.टी.पी.चे दुकान टाकले आणि बरीच वर्षे ते चालवले. लग्नपत्रिका, पारायणाच्या पत्रिका, संमेलनांची हँडबिले, पतसंस्थांचे अहवाल असे सारे केले. आमच्या गावात धंदा करायचा तर दोन्ही लिप्या हाताशी हव्यात. मराठी पत्रिका छापून घेणाऱ्याला दुकानाची पाटी कानडीतही लागतेच. त्यामुळे मी जे लिहिणार आहे ते मोठ्या विद्वानाचे मत नाही. अक्षरे जुळवून पोट भरलेल्या माणसाचे आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी, आडनाव काळे. सगळे त्यांना काका म्हणत. एक दिवस ते हातात कागदांची पिशवी घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "बघ की रे पोरा, मी रंगानं काळा हाय, ते कबूल. पण डाग कुठनं झालो?"

मला काही उलगडा होईना. कागद पाहिले तेव्हा कळले. त्यांच्या ओळखपत्रावर कानडी अक्षरांत आडनाव पडले होते 'कले'. कन्नडमध्ये 'कले' म्हणजे कला आणि 'कले' म्हणजे डागसुद्धा. शेजारच्या कन्नड शिक्षकांनी ते वाचून गमतीने काकांना अर्थ सांगितला होता आणि म्हाताऱ्याच्या मनाला तो लागला होता. गंमत तिथेच संपली असती तर बरे झाले असते. पण भावाच्या पश्चात वारसा नोंदीचा अर्ज करायचा होता. जमिनीच्या जुन्या कागदावर आडनाव 'काळे' आणि ओळखपत्रावर 'कले'. दोन्ही कागद एका माणसाचे नाहीत, असा शेरा मारून एका कार्यालयाने अर्ज परत पाठवला होता.

आता सुज्ञ वाचकांनी इथे जरा थांबावे. सीमाभागातला माणूस असा प्रसंग ऐकला की लगेच म्हणतो, "कानडीकरणाचा आणखी एक नमुना!" मीही पहिल्यांदा तेच म्हणालो. पण कागद नीट लावून पाहिले तेव्हा माझेच मला वाईट वाटले. जमिनीचा तो जुना हस्तलिखित कागद कानडीतच होता. कोणा शानभोगाने बोरूने लिहिलेला. त्यात 'का'चा काना होता, 'ळ'ही होता, आडनाव अगदी शुद्ध होते. ज्या कन्नड अक्षरांना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दोष देत आलो, त्यांनी या मराठी घराचे नाव जसेच्या तसे सांभाळले होते. मग ते बिघडवले कोणी?

बिघडवले मधल्याने. ओळखपत्राची नोंद घेताना नाव आधी इंग्रजीत भरले गेले. इंग्रजीत 'का' आणि 'क' यांना एकच अक्षर, 'ळ' आणि 'ल' यांनाही एकच अक्षर. मग त्या इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्राने आपोआप कन्नड अक्षरे काढली. काना गेला, ळ गेला, काळ्यांचा कले झाला. निपाणीच्या तंबाखूच्या बाजारात शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये अडत्या बसतो आणि दोन्हीकडून आपली अडत कापून घेतो, तसा हा प्रकार आहे. इथे अडत म्हणून कापला गेला तो एक काना आणि एक ळ.

पुढची गोष्ट तर याहून भारी. काकांना प्रतिज्ञापत्र करायला सांगितले. 'काळे' आणि 'कले' ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत टाइप झाले, आणि इंग्रजीत या दोन्ही नावांचे स्पेलिंग एकच! म्हणजे 'अमुक उर्फ अमुक' असा तो मजकूर झाला. दोन्हीकडे तेच नाव. टाइप करणाऱ्याने दोनदा विचारले, "चूक तर झाली नाही ना?" ज्या भाषेने घोटाळा केला त्या भाषेत तो घोटाळा सांगतासुद्धा येत नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. माझ्या परीक्षणाचा सगळा मुद्दा या एका कागदात आहे.

आता कोणी म्हणेल, यंत्राला काय कळते, त्याला इंग्रजीच येते. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे आपल्याच लोकांनी फार पूर्वी सिद्ध करून ठेवले आहे.

१९८०च्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम झाले. त्यात मोहन तांबे हे अभियंते पुढे होते. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिथे 'जिस्ट' या नावाने वाढले. या मंडळींनी एक साधी गोष्ट ओळखली. आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एकाच आराखड्याची आहे. आधी स्वर, मग क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. मराठी पोर आणि कानडी पोर शाळेत पाटीवर जे गिरवते त्याचा क्रम एकच. मग प्रत्येक लिपीला निराळे आकडे कशाला? त्यांनी 'इस्की' नावाची सांकेतिक पद्धत केली. तीत देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांना एकच आकडा. लिपी कोणती ते फक्त वर सांगायचे, की सगळा मजकूर त्या लिपीत दिसू लागतो. १९९१ साली ही पद्धत भारतीय मानक १३१९४ म्हणून पक्की झाली. कळफलकाचेही तेच. १९८६ साली सरकारने 'इन्स्क्रिप्ट' कळफलक आणला. त्यावर मराठी 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नड 'क'. मराठी 'ळ' ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नड 'ळ'. बोटांना एकदा वळण लागले की दोन्ही भाषा लिहिता येतात.

पुढे सगळ्या जगासाठी 'युनिकोड' आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यांनीही भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली. युनिकोडमधली भारतीय लिप्यांची आळी मी वाचकांना दाखवतो. ओळीने घरे आहेत: देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू आणि मग कन्नड. प्रत्येक घरात १२८ खोल्या आणि प्रत्येक घराचा नकाशा सारखा. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५. कन्नड 'क'चा ३२२१. वजाबाकी करून पाहा: ८९६. देवनागरी 'ळ' २३५५, कन्नड 'ळ' ३२५१. पुन्हा ८९६. हा आकडा म्हणजे सात घरे गुणिले १२८ खोल्या. म्हणजे मराठी अक्षराच्या आकड्यात ८९६ मिळवले की कन्नड अक्षर हाती येते. चौथीतल्या पोराला जमेल अशी बेरीज आहे ही. 'काळे' या शब्दाला ती लावून पाहा. काना शाबूत राहतो, ळ शाबूत राहतो.

भिंतीला भिंत लागून घरे आहेत आपली, आणि निरोप मात्र लंडनमार्गे पाठवायचा! हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ळ नाही, इंग्रजीत तर नाहीच नाही. ळ आहे तो आपल्याकडे आणि कन्नडकडे. ज्या घरात अक्का, अण्णा आणि तूप हे शब्द एका चुलीवर शिजले, त्या दोन भाषांमधला हा सामाईक ठेवा तिसऱ्याच्या हाती दिला, की तो हरवणारच.

मी नुसती स्तुती करून थांबणार नाही, कारण परीक्षणात दोन्ही बाजू याव्या लागतात. नुसत्या ८९६च्या बेरजेने सगळे भागते असे नाही. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे. आपण तो भेद लिहीत नाही. बेरजेने 'काळे'चा शेवटचा एकार दीर्घ होऊन बसतो, आणि कन्नड माणूस तो सहसा ऱ्हस्व लिहील. 'कदम' लिहिताना आपण शेवटचा म अर्धवटच उच्चारतो, कन्नडमध्ये तो पुरा वाचला जाईल की पाय मोडावा लागेल, हे बसून ठरवावे लागते. आणि आपला तो ऱ! खानापूर तालुका म्हणजे डोंगर आणि दऱ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. एका रफाराने कणकुंबीचा मुलूख समुद्रात बुडतो. कन्नडच्या घरातही ऱची खोली आहे, पण ती हळेगन्नडच्या, म्हणजे जुन्या कन्नडच्या, काळातली. आज तिथे कोणी राहत नाही. म्हणून माणसाची नजर लागतेच. पण माणसाने शेवटचा हात फिरवणे वेगळे आणि आधी मोडतोड करून मग प्रतिज्ञापत्र मागणे वेगळे.

आता धोरणाकडे वळतो. कर्नाटक सरकारने २००० सालच्या सुमारास 'भूमी' हा प्रकल्प सुरू केला. राज्यभरातल्या जमिनींचे सुमारे दोन कोटी उतारे, ६७ लाख शेतकऱ्यांचे, संगणकावर चढवले. तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपये भरले की छापील उतारा हातात मिळू लागला. ज्यांनी उताऱ्यासाठी चावडीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना याची किंमत सांगायला नको. हे काम मोठे होते, आणि ते मोठे होते असे म्हणताना मराठी माणसाची जीभ अडखळू नये. पण उतारा निघतो तो कन्नडमध्ये. माझ्या शेजारच्या घरातली आजी, जिचे सारे आयुष्य त्या जमिनीत गेले, ती स्वतःच्या मालकीचा कागद नातवाकडून वाचून घेते. नातू कन्नड शिकला म्हणून बरे. पूर्वी म्हणत, दोन भाषांत कागद ठेवायचे तर दोन कारकून लागतील, दुप्पट दप्तर लागेल. त्यात तथ्य होते. पण दप्तर संगणकावर चढले त्या दिवशी ती सबब संपली. नावे, गावे, सर्व्हे नंबर, आकार, क्षेत्र, पिके हे सारे ठरलेल्या रकान्यांत असते. त्याला दुसऱ्या लिपीत दाखवणे म्हणजे एक बेरीज आणि एक तपासणी.

कायद्याचा आधारही नवा नाही. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांसाठी निवेदन काढले. ज्या भागात अशी वस्ती पंधरा ते वीस टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असे त्यात आहे. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-ब हे कलम येऊन भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आजीला उतारा वाचता यावा यासाठी सीमारेषा हलण्याची वाट पाहायची काय गरज आहे?

आणि हेच माप दुसऱ्या बाजूलाही लावले पाहिजे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतही घरोघरी कन्नड बोलली जाते. तिथल्या कन्नड आजीच्या हातात सातबारा पडतो तो मराठीत. आपल्या आजीसाठी डोळ्यांत पाणी आणायचे आणि त्या आजीसाठी कायदा दाखवायचा, हे बरे नव्हे. महाराष्ट्राच्या भूमिअभिलेख विभागाने अलीकडे सातबारा इतर भारतीय लिप्यांतही पाहण्याची सोय संकेतस्थळावर केली, ही आनंदाची गोष्ट आहे. हे होऊ शकते, याचा तो पुरावाच म्हणायचा. एकीकडे जे झाले ते दुसरीकडे मागायला आता तोंड आहे.

नियम केला की यंत्र ऐकते, याचे आणखी एक उदाहरण आपल्या खिशातच आहे. भारतीय मानक १६३३३च्या तिसऱ्या भागाने २०१६ साली असे ठरवले की देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर सर्व बावीस भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. त्याआधी 'मराठीला मागणी नाही' असे सांगणारे नंतर गप्प बसले. उलट जिथे कोणी नियम करत नाही तिथे अडत्याचेच फावते. साधा एस.एम.एस. घ्या. इंग्रजीत एका निरोपात १६० अक्षरे मावतात. देवनागरी किंवा कन्नड अक्षर आले की ७०. ही मोजपट्टी घालणाऱ्यांनी आपल्याला मोजलेच नव्हते. पण आपणही त्यांच्या दाराशी जाऊन उभे राहिलो नव्हतो.

आता आपल्याच पंगतीत बसून आपल्याच लोकांना चार शब्द बोलायचे आहेत. वाचकांनी राग मानू नये.

इस्कीसारखे शहाणपणाचे मानक हाताशी असताना आम्ही मराठी डी.टी.पी.वाल्यांनी काय केले? सुंदर वळणाच्या टंकांच्या मागे धावलो. बाजारात निरनिराळी पॅकेजे होती आणि प्रत्येकाची आकड्यांची पद्धत निराळी. एकाच्या 'क'च्या जागी दुसऱ्याचा 'ढ'. आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे, वर फक्त मराठी अक्षराचा मुखवटा. मीही त्यातलाच. एका पॅकेजला यंत्रामागे लावायचे कुलूप असे. ते कुलूप बिघडले तेव्हा माझ्याच दुकानातला माझाच मजकूर मला उघडता येईना. गेल्या वर्षी जुन्या फ्लॉप्या कोणाकडून तरी उतरवून आणल्या. १९९६ ते ९९ या काळात मी जुळवलेले तीन दिवाळी अंक त्यात होते. खेड्यापाड्यांतल्या कवींच्या कविता, सीमालढ्यातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. पडद्यावर आल्या त्या इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे होऊन. ज्यांनी त्या आठवणी सांगितल्या त्यांतले काही आता नाहीत. कागदी प्रत कोणाच्या माळ्यावर वाळवीतून वाचली असेल तेवढीच खरी. आमचे लिखाण कोणत्याही सरकारने पुसले नाही, ते आम्ही स्वतःच परक्या आकड्यांत गहाण टाकले.

शेजाऱ्यांनी काय केले तेही पाहावे. के. पी. राव यांनी कन्नडसाठी उच्चाराप्रमाणे चालणारा सुटसुटीत कळफलक तयार केला. या शतकाच्या सुरुवातीला कन्नड गणक परिषदेचे 'नुडी' हे सॉफ्टवेअर सरकारी पाठबळावर फुकट वाटले गेले. त्यावर त्यांच्यात कडाक्याचे वादही झाले. पण वाद झाले, हेच महत्त्वाचे. पूर्णचंद्र तेजस्वींसारखा पहिल्या रांगेतला कादंबरीकार (मृत्यू २००७) कन्नड सॉफ्टवेअरचा प्रश्न हा लेखकाचा प्रश्न आहे असे मानून त्यात उतरला. आपल्याकडे कोणत्या नामवंत कादंबरीकाराने संगणकातल्या मराठीसाठी अशी उडी घेतली? 'ॲ' हे आपले रोजचे अक्षर. बॅट, बँक, ॲप यांशिवाय आपले पान हलत नाही. त्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःची खोली मिळाली २००८ साली. सतरा वर्षे ते दाराबाहेर उभे होते. आणि 'दऱ्या'तला ऱ आजही दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे अक्षरच वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असे नाही. ग्रंथालयाच्या यादीत एखादे पुस्तक असूनही मिळत नाही, त्याचे कारण कधी कधी एवढेसे असते.

आम्ही मात्र संमेलनात टाळ्या घेतो त्या वेगळ्याच वाक्यावर: "संगणकासाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा आहे, असे नासाने म्हटले आहे." हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवर ऐकले की शेवटी त्याचे मूळ शोधले. १९८५ साली नासाच्या एका केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी एका नियतकालिकात लेख लिहिला. संस्कृत वैयाकरणांची वाक्याचा अर्थ उलगडण्याची रीत आणि यंत्रात ज्ञान साठवण्याची रीत यांत साम्य आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा चांगला आहे. पण त्याने काकांचा ळ परत मिळत नाही.

तसाच दुसरा ध्यास म्हणजे मराठीत प्रोग्रॅमिंग. 'इफ'च्या जागी 'जर' लिहिले म्हणजे संगणक मराठी झाला, असे काही उत्साही तरुण मानतात. मला ते पटत नाही. पायथन ही आज कॉलेजांत शिकवली जाणारी संगणकभाषा घ्या. तिच्या राखीव इंग्रजी शब्दांची संख्या पस्तीसच्या आसपास. तेवढे शब्द आमची पोरे आठवड्यात पाठ करतात. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आतल्या रकान्यांना 'शेत', 'मालक', 'वारस' अशी देवनागरी नावे देता येतात. प्रोग्रॅममध्ये '५' हा देवनागरी आकडा सरळ लिहिला तर ती तक्रार करते, हे खरे. पण कोणी अर्जात देवनागरी ५ भरला तर त्याची संख्या करून घ्यायला तिला मुळीच अडचण पडत नाही. तेव्हा अडचण संगणकाच्या भाषेत नाही. अर्जाचा रकाना आखणाऱ्याच्या मनात आहे. त्याने एका माणसाला एक भाषा असते असे गृहीत धरले आहे आणि तीही शक्यतो इंग्रजी. खानापूरच्या एस.टी. स्टँडवर तो अर्धा तास उभा राहिला असता तर त्याचा गैरसमज दूर झाला असता. इथे मुलगा आईशी मराठीत बोलतो, कंडक्टरशी कानडीत आणि पैसे हिंदीत मोजतो.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि रोकड्या आहेत. माणसाचे नाव तो स्वतः ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत आधी लिहावे आणि तेच मूळ मानावे. कन्नडचे कन्नडमध्ये, मराठीचे मराठीत. दुसऱ्या लिपीतले रूप त्या मुळावरून थेट काढावे आणि त्याला वाचून दाखवावे. त्याने मान हलवली की मग पक्के करावे. इंग्रजी रूप शेवटी काढावे. ते असावेच, पोरांना पुणे-बेंगळुरूला जायचे आहे, पण त्यावरून उलटे कन्नड-मराठी काढू नये. सरकारी पैशातून होणारे सॉफ्टवेअर उघड्या मानकावर असावे, कुलूपबंद नसावे. केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' हा भाषांतराचा उपक्रम सुरू केला. त्यात मराठी आहे आणि कन्नडही आहे. या दोघींची गाठ इंग्रजीला मध्ये न घेता घालून देणे, ही त्याची खरी परीक्षा मी मानीन.

आणि एक मागणी आपल्याच मुलांकडे. १९९८ साली बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. सीमाभागातली किती मराठी आणि कानडी पोरे तिथून अभियंते होऊन बाहेर पडली! शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. एखाद्या मराठी आणि एखाद्या कानडी पोराने जोडीने बसून नावांचे हे काम करावे. ए-ओच्या ऱ्हस्वदीर्घाचे, शेवटच्या अकाराचे, ऱचे नियम गावातल्या दोन्ही भाषांच्या शिक्षकांना विचारून लिहून काढावेत. यात कोणत्याही भाषेचा पराभव होत नाही. आज विंडोजमध्ये जो 'मंगल' हा देवनागरी टंक दिसतो तो सुलेखनकार र. कृ. जोशी (मृत्यू २००८) यांचा, आणि त्याच विंडोजमधला 'तुंगा' हा कन्नड टंकही त्यांच्याच हातचा. मराठी माणसाने घडवलेल्या अक्षरांत कर्नाटकातल्या कचेऱ्यांनी किती पत्रे लिहिली असतील. त्या अक्षरांना कोणी प्रतिज्ञापत्र मागितले नाही.

काकांच्या कामाचे पुढे काय झाले, हे वाचकांना सांगायला हवे. प्रतिज्ञापत्र जोडले, फेऱ्या झाल्या, शेवटी नोंद लागली. ओळखपत्रावरचे नावही दुरुस्त करून आले. मी ते त्यांना कानडीत वाचून दाखवले: काना होता, ळ होता. काकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि म्हणाले, "यातला आमचा ळ कुठला, दाखव बघू." त्यांना कानडी वाचता येत नव्हते. मी त्या अक्षरावर बोट ठेवले. बराच वेळ ते त्या गोल अक्षराकडे बघत राहिले आणि मग ओळख पटल्यासारखे म्हणाले, "आपल्यासारखाच गोल हाय की रे."